‘ड्रॉ’ या इंग्रजी शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ड्रॉ’ या क्रियापदाचा मूळ अर्थ कोणता?

ओढणे, एवढाच. आजचे शब्दकोश या एका क्रियापदाखाली कित्येक अर्थ देतात. चित्र काढणे, पैसे काढणे, तलवार उपसणे, पडदा सरकवणे, निष्कर्ष काढणे, लोकांना आकर्षित करणे, सामना अनिर्णित राहणे हे त्यांपैकी काही. शाळेत हे अर्थ सुटे सुटे पाठ करायला लावतात, त्यामुळे ते एकाच शब्दाचे आहेत हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मात्र यातील जवळजवळ प्रत्येक अर्थ मागे मागे नेला की कोणीतरी काहीतरी आपल्याकडे किंवा आपल्यामागे ओढत असल्याचे दृश्य दिसते. पुढील उत्तरे त्याच दृश्याच्या आधाराने दिली आहेत.

हा शब्द इंग्रजीत कोठून आला?

तो कोठूनही आलेला नाही; तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्याच्या कितीतरी आधी, प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद ‘ड्रागान’ या रूपात नांदत होते आणि त्याचा अर्थ ओढणे, फरफटत नेणे असा होता. त्याची भावंडे इतर जर्मानिक भाषांत आहेत. स्वीडिशमध्ये ‘ड्रा’ म्हणजे आजही ओढणेच. डचमधील ‘ड्रागन’ आणि जर्मनमधील ‘ट्रागन’ यांचा अर्थ मात्र वाहून नेणे असा झाला आहे. ओझे आधी ओढून नेले जाते आणि मग उचलून नेले जाते, इतकेच अंतर या दोन अर्थांत आहे.

मूळ शब्दात ‘ग’ होता, तर तो गेला कोठे?

प्राचीन इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये येणारा हा ‘ग’ आपल्या ‘गवत’मधल्या ‘ग’सारखा ठणठणीत नव्हता. तो घशातून घासत येणारा, ‘गझल’ शब्दाच्या उर्दू उच्चारातील पहिल्या वर्णासारखा होता. असे घासते व्यंजन बोलताना सैल होत जाते. मध्ययुगीन इंग्रजीत ते ‘व’कडे झुकले, ‘ड्रागान’चे ‘ड्रावेन’ झाले, शेवटचे अक्षरही झिजले आणि ‘ड्रॉ’ उरले. स्पेलिंगच्या अखेरीस असलेला डब्ल्यू ही त्या हरवलेल्या ‘ग’ची खूण आहे.

ही गोष्ट एकट्या ‘ड्रॉ’ची नाही. धनुष्याला प्राचीन इंग्रजीत ‘बोगा’ म्हणत, त्याचे ‘बो’ झाले. करवतीला ‘सागू’ म्हणत, तिचे ‘सॉ’ झाले. जर्मनने मात्र हा ‘ग’ जपला, म्हणून तेथे धनुष्य ‘बोगन’ आहे. मराठी वाचकाला हा बदल परका वाटण्याचे कारण नाही. संगमनेर, अमळनेर, पारनेर या गावांच्या नावांतील ‘नेर’ हा ‘नगर’चाच अवशेष मानला जातो. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ग’ची गत प्राकृतातही काही वेगळी झाली नाही.

मग ‘ड्रॅग’ हा वेगळा शब्द आहे का?

शब्द वेगळा आहे, पण घराणे तेच. ‘ड्रॅग’मध्ये ‘ग’ शाबूत आहे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोकांची वस्ती झाली. त्यांच्या भाषेत याच क्रियापदाचे रूप ‘ड्रागा’ असे होते. लेखी इंग्रजीत ‘ड्रॅग’ पंधराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. तो त्या पाहुण्या रूपापासून आला असेल किंवा इंग्रजीच्याच एखाद्या उत्तरेकडील बोलीने जुना ‘ग’ टिकवून ठेवला असेल. दोन्ही मते मांडली जातात. निकाल काहीही लागला तरी इंग्रजीला एकाच क्रियापदाची दोन रूपे मिळाली आणि भाषेने त्यांच्यात कामाची वाटणी करून टाकली. जड, अनिच्छेने, जमिनीला घासत होणारी ओढ ‘ड्रॅग’कडे गेली; सहज, सरळ आणि नेमकी ओढ ‘ड्रॉ’कडे राहिली. फरफटणे आणि ओढणे यांत मराठी माणूस जो फरक करतो, तोच हा. सिगारेटच्या झुरक्याला इंग्रजी बोलीत ‘ड्रॅग’ म्हणतात, आणि आपणही विडी ‘ओढतो’च.

ओढणे हा मूळ अर्थ असेल, तर दारावर ‘पुल’ का लिहिलेले असते?

या प्रश्नाच्या उत्तरात ‘ड्रॉ’चे सगळे चरित्र आहे, असे मला वाटते. ‘पुल’चा प्राचीन इंग्रजीतील अर्थ उपटणे हा होता, पिसे उपटणे, लोकर उपटणे अशा कामांसाठी तो वापरत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात त्याचा अर्थ विस्तारला आणि रोजच्या, हाताने करायच्या ओढण्याचे काम हळूहळू ‘पुल’ने बळकावले. एखाद्या जुन्या वाड्यात भाडेकरूने पुढची पडवी आणि ओटी व्यापावी आणि मूळ मालक माजघरात सरकावा, तसे ‘ड्रॉ’चे झाले. पुढची जागा गेली, पण माजघरातील सगळी कपाटे त्याच्याच ताब्यात राहिली. ओढण्यावरून तोवर तयार झालेले लाक्षणिक आणि विशेष अर्थ ‘पुल’ला मिळाले नाहीत. म्हणूनच आज दार ‘पुल’ करतात, पण श्वास, चित्र, पगार आणि निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात.

नाव किंवा बंद पडलेले वाहन दोराने ओढून नेणे यासाठीचा ‘टो’, झटका देऊन ओढण्यासाठीचा ‘टग’ आणि ओझे खेचण्यासाठीचा ‘हॉल’ हे शब्द या घराण्यातील नाहीत. ‘टो’ आणि ‘टग’ एकमेकांचे नातलग आहेत. ‘हॉल’ फ्रेंचमार्गे आला आहे.

शब्दशः ओढणे या अर्थाने ‘ड्रॉ’ आता कोठेच उरला नाही का?

उरला आहे, विशेषतः कारागिरांच्या भाषेत. सोनाराच्या दुकानात तार ओढताना पाहिली असेल, तर हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पोलादाच्या जाड पट्टीला उतरत्या मापाची भोके असतात. सोन्याच्या कांडीचे टोक कानशीने निमुळते करून भोकातून घालतात, पलीकडून सांडशीने पकडतात आणि अंगाचा भार देऊन एका दमात ओढतात. तार बाहेर येते ती थोडी बारीक आणि थोडी लांब झालेली असते. मग पुढचे भोक, मग त्यापुढचे. मध्येच ती कडक होते, तेव्हा तापवून पुन्हा मऊ करावी लागते. कारखान्यात तांब्याची तार याच तत्त्वावर तयार होते आणि त्या प्रक्रियेला ‘वायर ड्रॉइंग’ म्हणतात. स्टीलचे पातेले किंवा खोल डबा पत्र्याच्या गोल चकतीपासून साच्यात दाबून घडवतात, त्याला ‘डीप ड्रॉइंग’ हे नाव आहे. त्यामुळे अशा कारखान्यात ड्रॉइंग पाहून ड्रॉइंग करावे लागते. पहिले कागदावरचे, दुसरे यंत्रावरचे, आणि त्यात कोणाचाही गोंधळ होत नाही.

ओढण्याचा आणि चित्राचा संबंध काय?

रेघ कशी उमटते ते पाहावे. पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवायचे आणि ते एका दिशेने ओढत न्यायचे. मागे जो माग राहतो ती रेघ. साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत ‘ड्रॉ’चा हा अर्थ रूढ झालेला दिसतो. आधी रेघ ‘ड्रॉ’ केली जात असे, मग रेघांनी होणारी आकृती, आणि शेवटी संपूर्ण चित्र. रंगाने भरलेल्या चित्राला इंग्रजी आजही ‘ड्रॉइंग’ म्हणत नाही, त्यासाठी तिच्याकडे दुसरा शब्द आहे. कारण ‘ड्रॉइंग’मध्ये ओढलेली रेघ दिसली पाहिजे. महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ज्या ग्रेड परीक्षा होतात, त्यांचे मराठी नाव ‘शासकीय रेखाकला परीक्षा’ असे आहे. ‘रेखाकला’ हा शब्द ज्याने निवडला त्याने ‘ड्रॉइंग’चा गाभा अचूक पकडला, असे म्हणावे लागेल.

येथे मराठी काय करते ते पाहण्यासारखे आहे. आपण रेघ ओढतो आणि चित्र काढतो. ही दोन क्रियापदे आपल्याला निरनिराळी वाटतात, पण ‘काढणे’ हेही मुळात ओढणेच आहे. पालीमध्ये ‘कड्ढति’ आणि प्राकृतात ‘कड्ढइ’ म्हणजे ओढतो, खेचतो. त्यापासून मराठी ‘काढणे’ आले. अनेक अभ्यासक ‘कड्ढ’चा संबंध संस्कृतमधील ‘कृष्’ या धातूशी जोडतात, आणि ‘कृष्’ म्हणजे ओढणे, नांगर ओढणे. कृषी आणि आकर्षण हे दोन्ही शब्द त्याच धातूचे आहेत. म्हणजे एकमेकांपासून हजारो मैलांवर असलेल्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, ओढण्याच्या क्रियापदाला चित्राच्या कामाला लावले. रांगोळी, कशिदा, नकाशा, अक्षर हे सगळे आपण ‘काढतो’.

म्हणजे ‘ड्रॉ’साठी ‘काढणे’ हा शब्द सर्वत्र चालतो का?

आश्चर्य वाटावे इतक्या ठिकाणी चालतो. विहिरीतून पाणी काढणे, तपासणीसाठी रक्त काढणे, खात्यातून पैसे काढणे, चिठ्ठी काढणे, पेटीतून पत्ता काढणे, म्यानातून तलवार काढणे, माहितीवरून निष्कर्ष काढणे, एखाद्याला बोलते करून त्याच्याकडून गुपित काढणे: या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘ड्रॉ’ वापरता येतो. भाषांतर करणाऱ्याने म्हणूनच आधी ‘काढणे’ लावून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

जेथे ते बसत नाही, तेथे बहुधा ‘ओढणे’ बसते: पडदा ओढणे, श्वास ओढणे, गाडी ओढणे, लक्ष ओढून घेणे. पडद्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, कारण इंग्रजीत पडदे ‘ड्रॉ’ करणे म्हणजे बहुधा लावणे असले, तरी संदर्भानुसार उघडणेही असू शकते. सरकवण्याची क्रिया दोन्हींत तीच आहे. ‘काढणे’ आणि ‘ओढणे’ दोन्ही हात टेकतात ती ठिकाणे मोजकीच आहेत. दिवस मावळतीकडे ‘ड्रॉ’ होतो तेव्हा आपल्याकडे तो कलतो, आणि किटलीत चहा ‘ड्रॉ’ होतो तेव्हा तो मुरतो. पानांतला अर्क पाण्याने ओढून घ्यावा, ही त्यामागची कल्पना.

बँकेच्या व्यवहारात ‘ड्रॉवर’ आणि ‘ड्रॉई’ म्हणजे कोण?

धनादेश लिहून सही करणारा तो ‘ड्रॉवर’ आणि ज्या बँकेला पैसे देण्याचा आदेश दिलेला असतो ती बँक ‘ड्रॉई’. भारतात ही व्याख्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. यात ओढणे असे आहे की, खातेदार बँकेकडे ठेवलेली आपली रक्कम कागदाच्या एका तुकड्याने बाहेर ओढतो. धनादेश न वटता परत येतो तेव्हा त्यासोबतच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘रेफर टू ड्रॉवर’ असा शेरा असतो. कॉलेजात असताना मी तो पहिल्यांदा वाचला आणि बँकेच्या कोणत्या खणात चौकशी करायची, या विचारात बराच वेळ काउंटरसमोर उभा राहिलो. शेऱ्याचा अर्थ, ज्याने धनादेश दिला त्यालाच विचारा, असा असतो.

‘डिमांड ड्राफ्ट’मधील ‘ड्राफ्ट’ हे ‘ड्रॉ’चेच नाम आहे. आपण ‘डीडी काढतो’, म्हणजे एका भाषेतल्या ओढलेल्या वस्तूला दुसऱ्या भाषेतल्या ओढण्याच्या क्रियापदाने पुन्हा ओढतो. पैसे काढण्याच्या स्लिपवर जो ‘विड्रॉल’ असतो त्यातही ‘ड्रॉ’ आहे. ‘विथ’चा जुना अर्थ ‘दूर, विरुद्ध, मागे’ असा होता, म्हणून ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे ओढून घेणे.

सरकारी कार्यालयांत ‘ड्रॉइंग अँड डिसबर्सिंग ऑफिसर’ या पदाला ‘आहरण व संवितरण अधिकारी’ म्हणतात. कोषागारातून रक्कम काढणे म्हणजे आहरण, आणि ती वाटणे म्हणजे संवितरण. पगाराच्या बिलावर हा शब्द वर्षानुवर्षे वाचणाऱ्या अनेकांना त्यातील ‘आहरण’ हे ‘ड्रॉइंग’चे भाषांतर आहे, हे सांगेपर्यंत जाणवत नाही.

‘ड्रॉइंग रूम’मध्ये चित्रे काढत असत का?

नाही. मूळ शब्द ‘विथड्रॉइंग रूम’ असा होता, म्हणजे मोठ्या दालनातून बाजूला होऊन निवांत बसण्याची खोली. सतराव्या शतकात पुढचे ‘विथ’ गळून पडले. पुढे जेवणानंतर पुरुष मेजापाशी रेंगाळत आणि स्त्रिया या खोलीत जात, अशी इंग्रज उच्चभ्रूंची रीत पडली. जी खोली लोकांपासून दूर होण्यासाठी होती, ती आज लोकांना आणून बसवण्याची झाली आहे. मराठीतील ‘दिवाणखाना’ची वाट याच्या उलट, दरबारी कामकाजाकडून घरगुती बैठकीकडे आली, आणि दोघे एकाच सोफ्यावर भेटले.

टेबलाच्या खणाला ‘ड्रॉवर’ का म्हणतात?

तो ओढून उघडतात म्हणून. इंग्रजीत या अर्थी उच्चार एका झटक्यात ‘ड्रॉर’ असा होतो. आपण स्पेलिंगकडे पाहून ‘ड्रॉवर’ म्हणतो. अंगात ओढून चढवायच्या आतल्या कपड्यालाही ‘ड्रॉवर्स’ हे नाव सोळाव्या शतकापासून आहे.

सामना ‘ड्रॉ’ होतो, त्यात कोणी काय ओढलेले असते?

या अर्थाचा उगम पूर्णपणे निर्विवाद नाही. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की येथेही ‘विथड्रॉ’ दडलेला आहे. सतराव्या शतकात निकाल न लागलेल्या लढाईला ‘ड्रॉन’ म्हणत. दोन्ही बाजूंनी सैन्य मागे घ्यायचे, किंवा खेळात दोघांनी लावलेला पैसा मागे घ्यायचा, असा त्याचा भाव. क्रिकेटमध्ये दिवसअखेर यष्ट्या उपटतात आणि त्यालाही ‘स्टंप्स ड्रॉन’ म्हणतात. त्यावरून ‘ड्रॉ’ आला असे काही जण सांगतात, पण अनिर्णित लढाईसाठी हा शब्द मैदानावर येण्याआधीपासून प्रचलित होता.

माघारीचे अगदी शब्दशः उदाहरण क्रिकेटमध्ये एकच आठवते. मार्च १९३९ मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात वेळेची मर्यादा नसलेली कसोटी झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचे ठरले होते. विजयासाठी ६९६ धावांचे लक्ष्य होते, इंग्लंडने ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली आणि पाऊस आला. केपटाउनहून सुटणारी बोट गाठायची असल्याने पाहुण्यांना निघावेच लागले, आणि दहा दिवसांवर पसरलेला तो सामना ‘ड्रॉ’ ठरला.

‘ड्रॉ’ आणि ‘टाय’ यांत गल्लत करू नये. वेळ संपूनही निकाल लागला नाही तर सामना अनिर्णित; डाव पूर्ण होऊन धावा समसमान झाल्या तर बरोबरी. पुरुषांच्या कसोटी क्रिकेटमध्ये अशी बरोबरी दोनदाच झाली आहे, १९६० मध्ये ब्रिस्बेनला आणि १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासला.

लॉटरीच्या सोडतीला ‘ड्रॉ’ म्हणण्याचे कारण काय?

येथे चिठ्ठी भांड्यातून ओढून काढायची असते. इंग्लंडची पहिली सरकारी लॉटरी राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात जाहीर झाली आणि १५६९ मध्ये तिची सोडत निघाली. अशा सोडतींत एका भांड्यातून नावाची आणि दुसऱ्यातून बक्षिसाची चिठ्ठी काढत, आणि दुसऱ्या भांड्यात कोऱ्या चिठ्ठ्याच भरपूर असत. प्रयत्न करूनही हाती काही न लागणे याला इंग्रजीत कोरी चिठ्ठी ‘ड्रॉ’ करणे म्हणतात ते त्यावरून. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये, म्हणजे बरोबर चारशे वर्षांनी सुरू झाली. मराठीने मात्र येथे ओढण्याऐवजी सोडण्याची क्रिया धरून ‘सोडत’ हा शब्द घेतला. तरीही ती सोडत आपण शेवटी ‘काढतो’.

‘ड्राफ्ट’चे एक स्पेलिंग ‘एफ’ने आणि दुसरे ‘यूजीएच’ने का?

ही एकाच नामाची दोन स्पेलिंगे आहेत आणि दोन्हींचा उच्चार सारखाच आहे. ‘यूजीएच’चे जुने, त्यातील ‘जीएच’ हा पुन्हा त्याच घशातल्या व्यंजनाचा वंशज, जो ‘लाफ’ आणि ‘रफ’ या शब्दांप्रमाणे ‘फ’ झाला. ‘एफ’चे स्पेलिंग उच्चाराप्रमाणे लिहिलेले. अमेरिकेत सगळीकडे ‘एफ’ चालते. ब्रिटिश लेखनात कच्चा मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट ‘एफ’ने, तर पिंपातून ओढून दिलेली बिअर, फटीतून येणारा वारा आणि ओढकामाची जनावरे ‘यूजीएच’ने लिहितात. आपला खिल्लार बैल त्यामुळे या जुन्या स्पेलिंगचा मानकरी ठरतो. जहाजाचा तळ पाण्याखाली जितका खोल असतो त्या मापालाही हाच शब्द आहे.

‘ड्रॉबॅक’ म्हणजे तोटा की परतावा?

दोन्ही. निर्यातदाराला ‘ड्रॉबॅक’ मिळाला तर तो आनंदाने पेढे वाटील, कारण सीमाशुल्काच्या भाषेत तो भरलेल्या शुल्काचा परतावा असतो. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात कलम ७४ आणि ७५ त्याविषयी आहेत. एकीकडे पैसा मागे ओढून घेतला जातो, दुसरीकडे माणूस मागे ओढला जातो.

लॅटिन ‘ट्राहेरे’शी ‘ड्रॉ’चे नाते आहे का?

ट्रॅक्टर, ट्रेन, पोर्ट्रेट, कॉन्ट्रॅक्ट, अट्रॅक्ट हे शब्द ज्यापासून आले त्या ‘ट्राहेरे’चाही अर्थ ओढणे असाच आहे, त्यामुळे दोघे सख्खे भाऊ वाटतात. पण ध्वनिनियम आड येतात. लॅटिनच्या आरंभीच्या ‘ट’ला इंग्रजीत ‘थ’ यायला हवा. आपल्या ‘त्रि’ला लॅटिनमध्ये ‘ट्रेस’ आणि इंग्रजीत ‘थ्री’ आहे, तसा. ‘ड्रॉ’मध्ये तो ‘ड’ आहे. दिसायला आणि अर्थाने सारखे म्हणून नाते मानणे ही व्युत्पत्तीतील सर्वांत सोपी चूक आहे. ‘पोर्ट्रेट’मध्येही ओढण्यापासून चित्रापर्यंतचा तोच प्रवास फ्रेंचने केला, ही बाब मात्र खरी.

भूतकाळ ‘ड्रॉड’ न होता ‘ड्रू’ का होतो?

हे आतला स्वर बदलून काळ दाखवणाऱ्या जुन्या क्रियापदांपैकी आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा भूतकाळ ‘ड्रोग’ होता, ‘शेक’चा ‘शुक’ किंवा ‘टेक’चा ‘टुक’ होतो त्या पठडीतला. ‘ग’ झिजून ‘ड्रॉ’ झाल्यावर ते ‘ब्लो’, ‘ग्रो’, ‘नो’ यांच्या पंगतीला जाऊन बसले आणि ‘ब्लू’, ‘ग्रू’, ‘न्यू’ यांच्याप्रमाणे ‘ड्रू’ म्हणू लागले. ‘ड्रॉन’ या भूतकालवाचक धातुसाधिताचा आकाशात उडणाऱ्या ‘ड्रोन’शी काही संबंध नाही, तो शब्द नर मधमाशीवरून आला आहे.